टायर काळा असतो काय?



या आठवड्याचा विषय वरवर पाहता पोरखेळ वाटेल, आणि तो पोरांच्या खेळाविषयी आहे हे खरेच. प्लॅस्टिकचे सुटे भाग जुळवून मोटार, ट्रॅक्टर किंवा डंपर यांची लहान प्रतिकृती तयार करावी आणि ती रंगवावी, हा छंद जगात पुष्कळ माणसे, लहान व थोर, आवडीने जोपासतात. त्या प्रतिकृतीचे टायर खऱ्या रबरासारखे कसे दिसतील, एवढाच आजचा प्रश्न आहे. परंतु या एवढ्याशा प्रश्नाचे उत्तर शोधू लागले म्हणजे ध्यानात येते की, ज्या वस्तू आपण रोज डोळ्यांसमोर वागवतो, त्या पुष्कळदा आपण नीट पाहिलेल्याच नसतात.

बालाघाट जिल्ह्यातील मलाजखंडचे नाव तांब्यामुळे साऱ्या देशाला ठाऊक झाले. हिंदुस्तान कॉपर या सरकारी कंपनीची तेथील उघडी खाण १९८२ साली सुरू झाली, आणि तांब्याची देशातील सर्वांत मोठी उघडी खाण म्हणून तिची ख्याती झाली. पायऱ्यापायऱ्यांनी खोल उतरत गेलेल्या त्या प्रचंड विवरातून खनिज वर आणण्याचे काम डंपरांनी केले. शंभर टन ओझे वाहणाऱ्या वर्गातील डंपरचा एकेक टायर सुमारे २.७ मीटर, म्हणजे जवळजवळ नऊ फूट उंचीचा असतो. त्याच्याशेजारी उभा राहिलेला धडधाकट माणूस त्याच्या दोन तृतीयांश उंचीपर्यंतही जेमतेम पोचतो. ज्या गावच्या मुलांनी अशा चाकांची घरघर ऐकत लहानपण काढले, त्यांतील एखाद्याला डंपरची प्रतिकृती करावीशी वाटली तर त्यात नवल ते काय?

असा मुलगा हौसेने भाग जुळवतो, हौद्याला पिवळा रंग देतो, आणि शेवटी चाकांना काळाकुळकुळीत, चकाकणारा रंग फासतो. वडील पाळीवरून घरी येतात, प्रतिकृती हातात घेतात, मुलाच्या पाठीवर हात फिरवतात, आणि म्हणतात, “बाळा, सगळं छान जमलंय; पण हे टायर काही आमच्या डंपरचे नाहीत.” मुलगा विचारतो, “का हो बाबा? टायर काळाच असतो ना?” ज्या गृहस्थाने वर्षानुवर्षे पाळी सुरू होण्यापूर्वी टायरांभोवती फेरी घालून त्यांची तपासणी केली आहे, त्यालाही या प्रश्नाचे उत्तर चटकन देता येत नाही. टायर तसा नसतो हे त्याला पक्के ठाऊक असते. तो कसा असतो हे मात्र शब्दांत सांगता येत नाही.

ते उत्तर आज आपण शोधू.

रबर मुळात काळे नाही. केरळातील रबराच्या बागांतून झाडाची साल चिरून जो चीक गोळा करतात, तो दुधासारखा पांढरा असतो. चार्ल्स गुडइयर या अमेरिकन गृहस्थाने रबर व गंधक एकत्र तापवून ते टिकाऊ करण्याची युक्ती १८३९ साली शोधली. पुढे बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने आपल्या लहान मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी हवा भरलेला टायर तयार केला आणि १८८८ साली त्याचे पेटंट घेतले. वाचकांनी हे कौतुकाने ध्यानात ठेवावे की, आज डंपरपासून विमानापर्यंत सर्वत्र फिरणाऱ्या हवेच्या टायरची वाट एका मुलाच्या खेळण्यातून निघाली.

आरंभीचे टायर पांढुरके किंवा फिकट असत. फ्रान्समधील मिशेलिन कंपनीने १८९८ साली आपल्या जाहिरातीत टायरांच्या चळतीचा जो गुबगुबीत माणूस उभा केला, तो पांढरा आहे तो याच कारणाने. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून टायरच्या रबरात काजळी मिसळण्याचा प्रघात पडत गेला. तेल किंवा वायू अपुऱ्या हवेत जाळून मिळणारी ही अतिशय बारीक काजळी आजच्या टायरच्या वजनाचा साधारणतः पाव हिस्सा असते. ती शोभेसाठी घातलेली नाही. तिच्यामुळे रबराला बळकटी येते, ते झिजण्यास उशीर लागतो, आणि उन्हाच्या माऱ्यापासून त्याचे रक्षण होते.

तेव्हा टायर काळा असतो हे म्हणणे कारखान्याच्या दारापर्यंत खरे आहे. तो रस्त्यावर आला की चार गोष्टी त्याचा रंग पालटू लागतात. पहिली गोष्ट झीज. रस्त्याला घासून रबराचा पृष्ठभाग खरखरीत होतो, आणि खरखरीत पृष्ठभाग प्रकाश चहूकडे उधळतो. म्हणून नक्षीचा भाग काळा न दिसता करडा दिसतो. दुसरी गोष्ट रबराच्या अंगातील औषधे. हवेने व उन्हाने रबराला तडे जाऊ नयेत म्हणून त्यात मेण व इतर संरक्षक द्रव्ये घालतात. ती हळूहळू पृष्ठभागावर येतात आणि टायरच्या बाजूंवर तपकिरी झाक आणतात. उभ्या असलेल्या जुन्या मालमोटारीचा टायर सकाळच्या उन्हात पाहावा; ही तांबूस-तपकिरी छटा स्पष्ट दिसेल. तिसरी गोष्ट धूळ, आणि चौथी ओझे. या दोहोंविषयी पुढे सांगतो.

प्रतिकृतीच्या बाबतीत आणखी एक विचार करावा लागतो. दूरची वस्तू आपल्याला जवळच्या वस्तूपेक्षा फिकी दिसते. सातपुड्याचे डोंगर जवळून हिरवे आणि लांबून निळसर-करडे दिसतात, तसेच हे. नऊ फुटांचा टायर पन्नासाव्या हिश्शाने लहान केला म्हणजे तो अवघा साडेपाच सेंटिमीटर उरतो. एवढासा टायर आपण हातात घेऊन पाहत असलो तरी मनाने तो लांबून पाहत असतो. म्हणून प्रतिकृती जितकी लहान, तितका तिचा रंग खऱ्याहून थोडा फिका व निस्तेज असावा. चकाकी तर मुळीच नसावी. चकाकी ही खेळण्याची खूण होय.

सावंतवाडीची लाकडी फळे ज्यांनी पाहिली असतील, त्यांना हे तत्त्व निराळे समजावण्याची गरज नाही. नुसता पिवळा रंग फासून लाकडाचे केळे होत नाही. देठाशी हिरवट आणि टोकाशी काळपट छटा आली म्हणजे हात आपोआप ते सोलायला जातो. टायरचेही असेच आहे. वस्तूच्या नावाने रंग देऊ नये, वस्तू पाहून द्यावा.

आता कृती सांगतो. मुलांनी हा भाग दोनदा वाचावा.

प्रथम टायर कशाचा आहे ते ओळखावे. त्यावर नख दाबून पाहावे. नख रुतले नाही आणि टायर टणक लागला, तर तो बहुधा पॉलिस्टायरीनचा, म्हणजे उरलेल्या प्रतिकृतीच्याच प्लॅस्टिकचा आहे. तो मऊ असून वाकला, तर बहुधा व्हिनाइलचा आहे. या दोहोंची रीत निराळी आहे, आणि ती न पाळल्याने साठवलेल्या पैशांनी घेतलेली प्रतिकृती पार वाया जाऊ शकते.

दोन्ही प्रकारांत टायर आधी कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकून धुवावा आणि सावलीत वाळवावा. साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेला तेलकटपणा त्यावर राहिलेला असू शकतो, आणि त्यावर रंग धरत नाही. साच्याच्या जोडाची उभी रेघ दिसेल, ती ६०० नंबरच्या बारीक पॉलिश पेपरने घासून काढावी.

टणक टायरला करड्या रंगाच्या अस्तराचा एक पातळ हात द्यावा. मग मुख्य रंग तयार करावा: काळा चार भाग, पांढरा एक भाग, आणि त्यात चिमूटभर तपकिरी. काळ्यात नुसता पांढरा मिसळला तर येणारा करडा रंग निळसर वाटतो. तपकिरीने ती निळाई मरते आणि रबराची ऊब येते. हे प्रमाण वेदवाक्य नव्हे. फुटक्या बशीवर रंगाचा ठिपका देऊन, वाळवून, अंगणातल्या सायकलीच्या टायरशेजारी धरून पाहावे आणि कमीजास्त करावे. रंग दाट देऊ नये. पातळ दोन हात हे दाट एका हातापेक्षा केव्हाही चांगले, कारण दाट रंगात नक्षीच्या बारीक खाचा बुजून जातात.

रंग कोणता घ्यावा? दिगंबर परशुराम दांडेकर यांनी १९३१ साली मुंबईत शाईच्या व्यवसायापासून आरंभ केलेल्या आणि पुढे कॅम्लिन या नावाने घरोघरी पोचलेल्या कंपनीचे रंग मुलांच्या दप्तरात असतातच. त्यांतील पोस्टर रंग कागदासाठी उत्तम, परंतु प्लॅस्टिकवर तो नीट धरत नाही आणि ओल्या बोटाने निघून येतो. म्हणून ॲक्रिलिक रंग घ्यावा. तो पाण्यात कालवता येतो आणि वाळल्यावर पाण्याने सुटत नाही. वाळलेल्या रंगाला तकाकी राहिलीच, तर निस्तेज वॉर्निशचा एक हात द्यावा.

मऊ व्हिनाइल टायरला ऑइल पेंट कधीही लावू नये. प्लॅस्टिक मऊ राहावे म्हणून त्यात एक तेलकट द्रव्य मिसळलेले असते. ते हळूहळू बाहेर झिरपते आणि ऑइल पेंटला वाळू देत नाही; महिनोन्‌महिने टायर चिकट राहतो, आणि त्यावर बोटांचे ठसे व झाडलोटीची धूळ बसत राहते. हेच द्रव्य टणक प्लॅस्टिकच्या रिमला लागले म्हणजे रिम मऊ पडते, आणि काही वर्षांनी कपाटातून काढलेल्या गाडीची चाके वितळल्यासारखी दिसतात. उपाय सोपा आहे. रिमला आधी ॲक्रिलिक रंगाचे दोन हात देऊन पुरते वाळू द्यावे, आणि रिम व टायर यांच्यामध्ये पातळ पन्नीची एक पट्टी गुंडाळावी. टायरला मात्र रंगाची गरज बहुधा नसतेच. सगळ्या अंगावरून बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवावा. कारखान्याची चकाकी जाते आणि जो करडेपणा खऱ्या टायरला रस्त्यावर येतो, तो येथे हातावर येतो.

रिमच्या कडेला रंग लागू न देता टायर रंगवणे मुलांना जड जाते. जेथे शक्य असेल तेथे दोन्ही वेगळे रंगवून मग जोडावे. ते एकसंध असतील तर चाकाच्या मधल्या भोकात दात कोरण्याची काडी घट्ट बसवावी, कुंचला कडेशी स्थिर धरावा, आणि काडी बोटांत फिरवून चाक फिरवावे. कुंभार मडक्यावर पट्टा ओढतो तो असाच. हात हलत नाही, चाक फिरते.

येथवर टायर रबराचा झाला. तो अजून कोणाच्या गाडीचा झालेला नाही. त्यासाठी नक्षीचा उंच भाग अधिक फिका करावा. कुंचल्याला फिका करडा रंग लावून तो चिंधीवर जवळजवळ पुसून टाकावा, आणि उरलेला कोरडा कुंचला नक्षीवरून अलगद फिरवावा. रंग फक्त उंचवट्यांना लागतो, खाचा गडद राहतात. बाजूंवर तपकिरीची अगदी पुसट झाक द्यावी.

मग ओझे. शंभर टन दगड पाठीवर घेतलेला टायर जमिनीला एका रेघेवर टेकत नाही. तो खाली किंचित चपटा होतो आणि त्याच्या बाजू जराशा फुगतात. टणक टायरचा तळ पॉलिश पेपरवर चार-सहा वेळा घासून जरासा सपाट करावा. चारही बाजूंनी गाडी समतल बसते की नाही, हे घासताना पुन्हापुन्हा पाहावे. एवढ्याने गाडी तरंगल्यासारखी दिसत नाही, उभी राहिल्यासारखी दिसते. खाणीतील तीक्ष्ण दगडांनी टायरला चिरा पडतात. त्या दाखवायच्या असतील तर पात्याचे काम वडिलधाऱ्यांनी करावे.

शेवटी धूळ. हिच्याविषयी थोडे विस्ताराने सांगावे लागेल, कारण टायर कोणत्या गावचा हे त्याच्या धुळीवरून कळते. वारासिवनीकडे भाताच्या बांध्यांतून निघालेल्या ट्रॅक्टरच्या टायरवर मळकट तपकिरी चिखल वाळलेला असतो, आणि तो नक्षीच्या खोल खाचांत अधिक असतो. वर्ध्या-यवतमाळकडची काळी माती ओली असताना टायरला थरावर थर चिकटते. कोकणातील जांभ्याची धूळ तांबडी असते. मलाजखंडचे तांबे ग्रॅनाइटच्या जातीच्या खडकात, गारेच्या म्हणजे क्वार्ट्झच्या शिरांत सापडते. तेव्हा त्या दगडाची पूड फिकट राखी, पांढुरकी. धूळ उडू नये म्हणून खाणीच्या रस्त्यांवर पाण्याचे टँकर फिरवतात. त्यामुळे टायरचा काही भाग कोरडा पांढुरका, तर काही भाग ओल्या चिखलाने गडद असा दिसू शकतो. असे दोन रंग एकाच चाकावर आले तर ती चूक समजू नये.

येथे एक गोष्ट मी आग्रहाने सांगतो. हुबेहूब रंग मिळावा म्हणून कोणीही खाणीची खरी धूळ घरात आणू नये. गारेच्या दगडाची बारीक पूड श्वासाबरोबर छातीत गेली म्हणजे फुप्फुसांत कायमची इजा होते; या रोगाला सिलिकोसिस म्हणतात, आणि तो झाल्यावर बरा करण्याचे औषध नाही. तो नोंद करणे सक्तीचे असलेल्या रोगांत गणला जातो. टायरवर दोन चिमटी धूळ लावून कोणाला हा रोग होईल असे माझे म्हणणे नाही. परंतु जी धूळ छातीत जाऊ नये म्हणून कामगार तोंडावर मास्क बांधतो आणि रस्त्यावर पाणी मारले जाते, ती मुलाने हौसेने चाळून घरात उडवावी हे बरे नव्हे. वडिलांचे कामाचे कपडेही याच कारणाने घराबाहेर झटकावेत, आणि खरे तर झटकण्यापेक्षा भिजवून धुवावेत हे उत्तम. प्रतिकृतीसाठी शाळेच्या खडूची पूड पुरे. पांढरा, तपकिरी व किंचित काळा खडू पॉलिश पेपरवर घासून पूड करावी, ती पाण्यात कालवून नक्षीच्या खाचांत सोडावी, आणि वाळल्यावर उंचवटे ओल्या फडक्याने पुसावेत. पूड कोरडी उडवत बसण्याचे कारणच पडत नाही.

तशीच सावधगिरी इतर बाबतींत. ऑइल पेंटचा थिनर चुलीजवळ किंवा गॅसजवळ उघडू नये. त्याच्या वाफा पेट घेतात आणि डोके जड करतात. रंगकाम उघड्या पडवीत करावे, कुंचल्याला टोक काढण्यासाठी तो ओठांत धरू नये, आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत. हे नियम पाळवून घेणे मातापित्यांकडे आहे.

कोणी विचारील, टायरच्या रंगासाठी एवढा खटाटोप कशाला? याचे उत्तर या छंदाच्या इतिहासातच आहे. इंग्लंडातील एअरफिक्स ही कंपनी १९३९ साली निकोलस कोव्ह या हंगेरियन गृहस्थाने सुरू केली, ती हवा भरलेल्या रबरी खेळण्यांसाठी. १९४९ साली तिने फर्ग्युसन ट्रॅक्टरची प्लॅस्टिकची प्रतिकृती तयार केली. ती मुलांसाठी नव्हती. ट्रॅक्टर विकणाऱ्यांनी ती बरोबर न्यावी आणि गिऱ्हाइकाला दाखवावी, यासाठी होती. पुढे तिचे भाग सुटे करून ती दुकानांत आली आणि मुलांच्या हाती पडली. म्हणजे कामाचे यंत्र खरे कसे आहे हे दुसऱ्याला दाखवणे, हा या प्रतिकृतींचा मूळ हेतू होय. चकाकणाऱ्या काळ्या टायरचा डंपर दुकानातला डंपर दाखवतो. झिजलेल्या, चपट्या, राखी धुळीने माखलेल्या टायरचा डंपर कामावरचा डंपर दाखवतो, आणि त्याबरोबर तो चालवणाऱ्याचे कामही दाखवतो.

मलाजखंडच्या कुटुंबांना हे अधिक महत्त्वाचे आहे. तेथील काम आता उघड्या खाणीकडून भुयारी खाणीकडे वळले आहे. भुयाराची यंत्रे वेगळी, ठेंगणी, आणि त्यांचे रस्ते जमिनीखाली. ज्या महाकाय डंपरांनी विवराच्या वळणावळणांनी दगड वर आणला, ते आज दहा वर्षांच्या असलेल्या मुलाच्या मुलांना कदाचित केवळ ऐकून ठाऊक असतील. छायाचित्रे राहतील, परंतु बहुतेक छायाचित्रे समारंभाची असतात, आणि समारंभाच्या दिवशी गाड्या धुऊन उभ्या केलेल्या असतात. रोजच्या पाळीतला टायर कसा दिसे, हे ज्यांनी तो रोज पाहिला त्यांच्याच स्मरणात आहे.

म्हणून मुलांनो, रंगाची बाटली उघडण्यापूर्वी वडिलांना, काकांना किंवा आजोबांना जवळ बसवा आणि विचारा: पाळी सुटताना टायर कसा दिसायचा? पावसाळ्यात कसा, आणि वैशाखात कसा? चिरा कोठे पडायच्या? कोणता टायर आधी झिजायचा, पुढचा की मागचा? ते सांगतील ते वहीत लिहून ठेवा, आणि मगच कुंचला बुडवा. वडिलांनीही “तुला काय कळतंय” असे न म्हणता सावकाश सांगावे. जे काम आपण आयुष्यभर केले, त्याविषयी मुलाने आपण होऊन विचारावे असे प्रसंग फार येत नाहीत.

पुढील आठवड्यात याच डंपरच्या हौद्याकडे वळू, आणि दगडाच्या घर्षणाने उघडा पडलेला पत्रा व त्यावरील गंज रंगाने कसा दाखवावा, ते पाहू.